मोठे टायर बसवल्यावर: मूळ गिअर रेशो की नवा क्राउन-पिनियन?

अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० या पिकअपवरील साधारण ३२ इंची टायर काढून ३५ इंची बसवले, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ९ टक्के अधिक अंतर कापते; त्यामुळे डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद चाकांना वाटून देणाऱ्या गिअरसंचाचा) ३.५५ हा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ताकद आणणाऱ्या दांड्याचे) ३.५५ फेरे, प्रत्यक्षात ३.२५ च्या आसपास असल्यासारखा वागतो.

मूळ रेशो तसाच ठेवला तर खर्च वाचतो आणि सपाट महामार्गावर रिकामी गाडी ठीक चालतेही. मात्र ट्रेलर ओढत घाट चढताना इंजिन दमते, गिअरबॉक्स वारंवार खालच्या गिअरवर उतरतो आणि त्यातील ऑइल तापते. स्पीडोमीटरचे सेटिंग बदलले नाही, तर तो १०० दाखवत असताना खरा वेग १०९ च्या घरात असतो.

४.१० चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधील मुख्य दातेरी चाकांची जोडी) बसवल्यास परिणामी रेशो ३.७५ होतो, म्हणजे ओढ मूळ गाडीपेक्षाही थोडी वाढते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत हे काम पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे करावे लागते. दातांना रंग लावून, ते एकमेकांवर नेमके कुठे टेकतात हे पाहत शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलणे हे कसबी हातांचेच काम आहे. ते चुकले तर डिफरन्शियल गुणगुणू लागतो आणि दात झिजतात.

मोठ्या टायरसाठी गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटने रेशो बदलत नाही. पण गुरुत्वमध्य उंचावतो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि हवेचा अवरोधही वाढतो. नियमित ओझे ओढणाऱ्याने माझ्या मते नव्या क्राउन-पिनियनचाच पर्याय घ्यावा आणि ब्रेकही तपासून घ्यावेत.