शुगरवाल्या आईबाबांसाठी काय बरं: डाएट, चालणं की ताकदीचा व्यायाम?

घरात सत्तरीतलं कोणी शुगरवालं असलं की सल्ला ठरलेला, भात बंद करा नि चालायला जा. शुगरपुरतं ठीक, पण खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिना चढणं हे टिकवायचं असेल तर हिशोब वेगळा निघतो.

आधी डाएट. अमेरिकेत लुक अहेड म्हणून मोठी ट्रायल झाली, जादा वजनाचे टाइप २ डायबेटिसवाले ४५ ते ७६ वयाचे पाच हजारांवर लोक, अर्ध्यांना कमी कॅलरी आणि आठवड्याला १७५ मिनिटं व्यायामाचं टार्गेट, बाकीच्यांना मुख्यतः माहिती नि सपोर्ट. हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडेना म्हणून २०१२ ला व्यायाम-डाएटचा भाग थांबवला, पण चार वर्षांत हालचाल ढासळायचा धोका जवळपास निम्मा झाला होता, ते कुणी सांगत नाही. तोटा असा की खुब्याच्या हाडाची घनता जरा जास्त घटली. म्हणजे वजनदार काकांना डाएट ठीक, मुळात किडकिडीत आजीला उपाशी ठेवणं शुद्ध वेडेपणा.

चालणं फुकट आहे, दम वाढतो, शुगर उतरते. पण वजन उतरवताना नुसतं तेवढंच केलं तर स्नायू पण जातात. २०१७ ला आलेल्या एका ट्रायलमध्ये (६५ च्या पुढचे लठ्ठ लोक, फक्त शुगरवाले नव्हेत) व्यायाम करणारे सगळेच डाएटवर होते, त्यात चालण्यासारखा एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन ५ टक्के घटलं, ताकदीचा करणाऱ्यांचं २ टक्के. आणि शारीरिक क्षमतेच्या टेस्टमध्ये दोन्ही करणारे पुढे, त्यांचा स्कोर २१ टक्के वाढला, एकेकच करणाऱ्यांचा १४.

त्यामुळे माझं मत दोन्ही, आणि वेळ कमीच असेल तर चालण्यातली थोडी मिनिटं काढून ताकदीला द्या. जिम नको, खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या बाटल्या, एवढं पुरतं. बारीक माणसाने वजन उतरवायचं डाएट सोडून द्यावं आणि ताटात डाळ, उसळ, अंडं, दही वाढवावं, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवायच्या आधीच डोस बघून घ्या, शुगर एकदम उतरून चक्कर येते आणि या वयात पडणं महागात जातं. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर श्वास रोखून जोर लावायचा नाही. आणि ते सकाळी हिरवळीवर अनवाणी चाला वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, तळपाय बधिर असतील तर अजिबात नको, काटा रुतला तरी कळत नाही.