‘गिल्ट’चं मराठी: यांत्रिक भाषांतर सेवेवर किती भिस्त ठेवावी?

इंग्रजी ‘गिल्ट’ (guilt) म्हणजे कायद्यातला दोष, आणि मनातली बोचही. कायद्याच्या मजकुरात यंत्राच्या भाषांतराने काम भागतं: ‘दोषी’, ‘गुन्हा कबूल’. तरी ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहाच. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस आरोपीच असतो.

भावनेचा मजकूर आला की सेवा गडबडते. सुटा शब्द टाकला की ‘अपराध’ मिळू शकतो. पण अपराध म्हणजे कृत्य, मनातली बोच नव्हे. बोचीला ‘अपराधीपणा’ किंवा ‘अपराधी भावना’ हवं. वाक्यरचनाही तपासा. ‘मी अपराधी आहे’ ही कबुली झाली, ‘मला अपराधी वाटतं’ ही भावना. ‘मी’चं ‘मला’ आणि ‘आहे’चं ‘वाटतं’ झालं की अर्थ फिरतो, आणि यंत्र तिथे घसरू शकतं. आईला फोन करायचा राहिला म्हणून कुणी कबुलीजबाब देत नाही! ‘खंत’ अपराधीपणाहून सौम्य, त्यात स्वतःची चूक असलीच पाहिजे असं नाही. ‘पश्चात्ताप’ मात्र कृत्यानंतरच ‘होतो’ (दोन ‘त’ लिहा, मूळ पश्चात् + ताप).

उपाय सोपा: सुटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य द्या आणि आलेलं मराठी मोठ्याने वाचा. सेवेला माझे गुण: कायद्यासाठी पाचपैकी साडेतीन, मनाच्या गोष्टींसाठी जेमतेम दोन.