थांबलेल्या गाडीत गिअर कुठे असावा? टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकचा पुण्याच्या कोंडीतील अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी दीड लिटर पेट्रोल इंजिनाची, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकची मारुती ब्रेझा वापरत आहे. कोथरूडहून चांदणी चौक, तेथून बाह्यवळण महामार्गाने वाकड आणि भूमकर चौकातून हिंजवडी असा माझा कामाच्या दिवसांचा मार्ग आहे. या मार्गावर गाडी चालवण्याइतकाच वेळ ती थांबवून ठेवण्यात जातो, त्यामुळे ऑटोमॅटिकचा खरा कस येथेच लागतो. सिग्नलला गिअर डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याचा) मध्ये ठेवावा, एन (न्यूट्रल) मध्ये घ्यावा की थेट पी (पार्क, म्हणजे गाडी उभी करून ठेवण्याचा) मध्ये टाकावा, यावर पार्किंगमध्ये पुष्कळ वाद होतात. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, पूर्ण थांबलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सला फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो अर्धवट थांबण्याने, म्हणजे ब्रेक अर्धाच दाबून गाडी इंच इंच सरकवत राहण्याने आणि चढावर ती ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरण्याने.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा ते तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोराने समोरचा, गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहिले की समोरचा पंखा स्थिर राहतो, इंजिन मात्र आपल्या संथ फेऱ्यांवर चालू राहते आणि मधले तेल घुसळले जाते. या घुसळण्यातून उष्णता निर्माण होते हे खरे, परंतु संथ फेऱ्यांवर ती थोडीच असते आणि तेल थंड ठेवण्याची व्यवस्था ती सहज वाहून नेते. त्यामुळे ‘डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहिल्यास गिअरबॉक्स जातो’ ही भीती या प्रकारच्या गाडीत अनाठायी आहे.

काही आठवडे मी मुद्दाम प्रत्येक थांब्याला एन मध्ये घेऊन पाहिले. लांब थांब्यांना त्याचा उपयोग जाणवला. १०-१५ सेकंदांच्या थांब्यांना मात्र तो निव्वळ खटाटोप ठरला. एन मधून डी मध्ये येताना गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने पुन्हा पकड घेतात आणि त्यासाठी क्षणभराचा अवधी लागतो. मागून हॉर्न वाजू लागला म्हणून आपण त्या क्षणातच ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्या आधी वाढतात, पकड नंतर येते आणि गाडी धक्का देऊन निघते. म्हणजे जी झीज वाचवण्यासाठी एन मध्ये घेतले, तीच आपण प्रत्येक थांब्याला ओढवून घेतो.

सिग्नलच्या आकड्यांवर मिनिटाहून अधिक वेळ शिल्लक असेल तर मात्र मी एन मध्ये घेऊन हँडब्रेक ओढतो. एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना डी मध्ये स्टिअरिंगला येणारी बारीक थरथर एन मध्ये जवळजवळ नाहीशी होते, इंजिनावरचा भार हलका होतो आणि उजव्या पायालाही विश्रांती मिळते. हँडब्रेक न ओढता नुसत्या एन वर पाय सैल सोडणे योग्य नाही, कारण आपल्याला सपाट वाटणारे अनेक रस्ते तसे नसतात. पी चा वापर मी सिग्नलला टाळतो. डी मधून पी कडे जाताना लिव्हर आर (रिव्हर्स) वरून जातो, मागचा पांढरा दिवा क्षणभर लागतो आणि मागे अगदी चिकटून उभा असलेला दुचाकीस्वार दचकतो. शिवाय मागून कोणी धडकल्यास पी मध्ये गाडी अडवून धरणाऱ्या गिअरबॉक्समधील छोट्या खिटीवर तो आघात येऊ शकतो. डी मधून एन मध्ये जाण्यासाठी लिव्हरवरचे बटण दाबावे लागत नाही, तेव्हा ते न दाबण्याची सवय हाताला लावावी. मग चुकून आर पडण्याचा प्रश्न उरत नाही.

भूमकर चौकाकडील रांग सिग्नलसारखी थांबत नाही. ती सतत सरकत राहते. ब्रेक सोडताच ऑटोमॅटिक गाडी आपोआप चालण्याच्या वेगाने पुढे जाऊ लागते, आणि पुढच्या गाडीला चिकटून राहण्याचा मोह होतो. मी आता पुढे एका गाडीएवढी जागा होऊ देतो, मग ब्रेक पूर्ण सोडून गाडीला स्वतःच्या गतीने ती जागा भरू देतो आणि पुन्हा पूर्ण ब्रेक दाबतो. त्या जागेत कधी रिक्षा शिरते, कधी दोन दुचाकी शिरतात, शिरू द्याव्यात. अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर रांगत राहिल्यास ब्रेकचे पॅड घासले जातात आणि पोटरी भरून येते, पण पोहोचण्याच्या वेळेत काहीच फरक पडत नाही.

चढाचा विषय अधिक गंभीर आहे. सलग सुट्ट्यांच्या शेवटी मुंबईहून परतताना बोरघाटात खंडाळ्याच्या चढावर वाहने तासन्‌तास अडकतात आणि क्लच जळाल्याचा वास तेथे हमखास येतो. तेथे अनेक जण ब्रेक सोडून, ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. वर्कशॉपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर तपासताना ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, आणि तेल झपाट्याने तापत असल्यामुळे ही चाचणी ५ सेकंदांपेक्षा अधिक काळ चालू ठेवत नाहीत. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणे हे त्याच चाचणीचे सौम्य, पण मिनिटेच्या मिनिटे चालणारे रूप आहे. त्यामुळे मी घाटात ब्रेकनेच गाडी धरतो. निघताना हिल होल्ड ही यंत्रणा ब्रेक धरून ठेवून सुमारे २ सेकंद गाडी मागे जाऊ देत नाही, आणि ॲक्सिलरेटरवर पाय नेण्यास तेवढा वेळ पुरतो. चढावर बराच वेळ थांबायचे असेल तर आधी हँडब्रेक ओढून, गाडीचा भार त्यावर आल्याची खात्री करून, मगच पी मध्ये टाकावे. उलट क्रमाने केल्यास सगळा भार खिटीवर येतो आणि निघताना लिव्हर जड लागतो.

हे सारे टॉर्क कन्व्हर्टरपुरते झाले. घरात एक एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडीही आहे आणि तिला हे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. एएमटीमध्ये मॅन्युअल गाडीतला नेहमीचाच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला क्लच असतो. तो पायाऐवजी यंत्रणा दाबते आणि सोडते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमुळे हा प्रकार आपल्याकडे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला आणि अनेकांनी त्याला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणायला सुरुवात केली. डी मध्ये ब्रेक दाबून उभे असताना त्यातील क्लच सुटलेला असतो, त्यामुळे थोडा वेळ थांबण्यात धोका नाही. रांगताना मात्र तोच क्लच अर्धवट पकडीवर घासत राहतो, आणि चढावर ॲक्सिलरेटरने तोलून धरल्यास काही मिनिटांत वास येऊ लागतो. त्या गाडीत मी लांब थांब्यांना न चुकता एन मध्ये घेतो आणि कोंडीत पुढे अधिक जागा सोडतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीलाही (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकलाही) रांगण्याबाबत हीच काळजी लागू पडते.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा माझ्या गाडीत आहे आणि ती सुरळीत चालते. मात्र इंजिन बंद होताच एसीची थंड हवाही थांबते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी ती बटणाने बंद ठेवतो आणि पावसाळ्यापासून पुन्हा वापरतो.

मॅन्युअलपेक्षा एएमटीसाठी साधारण ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात, तर टॉर्क कन्व्हर्टरसाठी लाखाहून अधिक. ज्यांचा रस्ता सपाट आहे आणि जे सिग्नलला पूर्ण थांबतात, त्यांना एएमटी पुरेशी आहे. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटासारख्या ठिकाणी ज्यांना रोज चढावर रांगावे लागते, त्यांनी मात्र वरचे पैसे टॉर्क कन्व्हर्टरसाठीच खर्च करावेत, आणि खरेदीपूर्वीची चाचणी फेरी मोकळ्या रस्त्यावर न घेता संध्याकाळी सात वाजता, आपल्याच रोजच्या चढावर घ्यावी.