प्लाझ्मा टीव्हीत ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

माझे सासरे, आमचे नाना, डोंबिवलीला राहतात. त्यांच्याकडे 2010 मध्ये घेतलेला पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांचं चॅनेल. इतक्या वर्षांत पांढरा रंग पिवळट झाला, अंधारातले प्रसंग राखाडी दिसायला लागले आणि कोपऱ्यात चॅनेलचा लोगो उमटून बसला. चॅनेल बदललं तरी तो तिथेच.

नानांनी एका टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याचं निदान तयारच होतं, “आजोबा, पॅनलमधला गॅस कमी झालाय. एसीत भरतो तसा भरून देतो. साडेसात हजार.” दोन पोरांनी टीव्ही टेम्पोत घातला आणि दोन दिवसांनी परत आणून भिंतीला लावला. पेन ड्राइव्हवरून रंगीत माशांचा व्हिडिओ लावून दाखवला, चित्र खरोखर झगझगीत. हातात कच्ची पावती: ‘पॅनल गॅस रिफिल व लेबर’. नाना खूश.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर क्रिकेट चालू होतं आणि हिरव्यागार मैदानावर कोपऱ्यात तोच लोगो, खाली ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीची कड. माझा आतेभाऊ टीव्ही दुरुस्तीच्याच धंद्यात आहे. त्याने टीव्ही जरा पुढे ओढून मागे टॉर्च मारला. झाकणाच्या एकूण एक स्क्रूच्या खाचेत जुनी चिकट धूळ जशीच्या तशी. त्यांना पेचकस लागलाच नव्हता. मग सेटिंग उघडलं: पिक्चर मोड ‘डायनॅमिक’, कॉन्ट्रास्ट शंभर, कलर टेंपरेचर ‘कूल’. साडेसात हजारांची दुरुस्ती ती एवढीच, रिमोटवरची.

गॅस हा शब्द मात्र त्या मेकॅनिकने हवेतून आणलेला नाही, म्हणूनच माणूस फसतो. प्लाझ्मा पॅनलमध्ये काचेच्या दोन पत्र्यांमध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन-झेनॉनचं मिश्रण असतं. वीज मिळाली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्यातल्या फॉस्फरला, म्हणजे आतल्या रंगीत चमकणाऱ्या लेपाला, उजळवतात. पण ही काच कारखान्यातच कायमची सीलबंद होते. गॅस भरायला तोंडच नसतं. सील फुटून हवा शिरली तर कप्पे पेटणारच नाहीत, चित्र पिवळं कशाला पडेल?

झिजतो तो फॉस्फर. निळा सगळ्यात आधी मंदावतो, म्हणून पांढऱ्यावर पिवळी झाक येते. जिथे लोगो वर्षानुवर्षं उजळ राहिला तिथला फॉस्फर जास्त झिजतो आणि डाग पडतो. जुनी चौकोनी चित्रं दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून पाहिली असतील तर उलटं होतं, कडा कमी झिजतात आणि पूर्ण पडदाभर चित्र लावलं की उजळ दिसतात. काळ्याचा राखाडी होण्याचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. पॅनासॉनिकच्या 2008-09 च्या काही मॉडेलांत पॅनलचा व्होल्टेज वापराच्या तासांनुसार आपोआप बदलतो आणि काळा उजळत जातो, यावरून अमेरिकेत बरीच ओरड झाली होती.

कंपन्या उजेड निम्म्यावर यायला एक लाख तास लागतील असं सांगायच्या. रोज आठ तास धरले तर चौतीस वर्षं. पण हा आकडा सबंध पडद्याच्या उजेडाचा, त्यात डागाचा हिशेब नाही. वर ‘डायनॅमिक’वर चालवला तर फॉस्फर आणखी लवकर झिजतो. म्हणजे या माणसाने पैसे घेऊन टीव्हीचं आयुष्यच कमी केलं.

प्लाझ्मामध्ये दुरुस्त होण्यासारखं काहीच नसतं असं नाही. टीव्ही चालूच होत नसेल तर पॉवर सप्लाय किंवा वाय-सस बोर्ड (पॅनलला वीज पुरवून कप्पे पेटवणारा बोर्ड) गेलेला असू शकतो, तो बदलता येतो. अंधाऱ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमचमत असतील तर बोर्डावरचा व्होल्टेज जुळवून कधीकधी फरक पडतो. आत दोनशे व्होल्टच्या आसपास वीज खेळते, घरी उघडू नका. नवीन पॅनल मात्र विसरा. पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी, सगळ्यांनी 2014 पर्यंत प्लाझ्मा बंद केला.

जुना प्लाझ्मा विकत घेत असाल तर दुकानदाराचा व्हिडिओ बघूच नका. आपल्या पेन ड्राइव्हवर कोरे पांढरे, राखाडी, लाल, हिरवे, निळे फोटो न्या आणि एकेक पडदाभर लावा. डाग राखाडीवर आणि निळ्यावर लपत नाही. ताजी सावली, म्हणजे नुकत्याच दिसलेल्या चित्राचा पुसट ठसा, असेल तर थोडा वेळ हलतं चित्र चालवल्यावर जाते, झीज जात नाही.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर मेकॅनिकने चार हजार परत केले, बाकीचे ‘टेम्पो आणि लेबर’चे म्हणून ठेवून घेतले. त्याचं कार्ड अजून शेजारच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेलं आहे: ‘सर्व कंपन्यांच्या प्लाझ्मा व एलईडी टीव्हीत गॅस भरून मिळेल.’ एलईडीतसुद्धा!