सहा व्होल्टचा जुना ट्रक, बारा व्होल्टचा रेडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रक आहे १९५१चा फोर्ड एफ-१. बॅटरी सहा व्होल्टची, प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. डायनॅमो, त्याचं चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर, कापडी वेष्टणाची वायरिंग, सगळं मूळचं. रेडिओ बसवायचा ठरल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: आधी गाडी बारा व्होल्टवर घ्या. मी घेतली नाही, आणि आता एक उन्हाळा व एक पावसाळा रेडिओ वाजवून झाल्यावरही घ्यावी असं वाटत नाही. एका रेडिओसाठी सगळे बल्ब, कॉइल, हीटरची मोटर आणि डायनॅमो बदलायचा, मीटरना व्होल्टेज उतरवणारे तुकडे लावायचे, आणि सहा व्होल्टच्या सेल्फला दुप्पट दाबाने फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळू द्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. सहा व्होल्ट दुबळे असतात ही तक्रारही बहुतेक वेळा पातळ केबलची असते. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टच्या मापाची बॅटरी केबल लावली की सेल्फ रडणारच.

रेडिओ नेहमीचा, आजचा, बारा व्होल्ट मायनस अर्थवाला. मधे एक कन्व्हर्टर, जो सहाचे बारा करतो. पैसे आणि डोकं घालायचं असेल तर ते रेडिओत नाही, या डबीत घाला.

स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये आत येणारा मायनस आणि बाहेर जाणारा मायनस आतून एकच असतो. मायनस अर्थच्या गाडीत त्याने काही बिघडत नाही. प्लस अर्थमध्ये मात्र मायनस ही आपली ‘गरम’, म्हणजे जिवंत वायर आहे. रेडिओची पत्र्याची पेटी त्याच मायनसला जोडलेली, म्हणजे अख्खा रेडिओ बॉडीच्या तुलनेत सहा व्होल्टवर बसलेला. पेटी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट. पेटी लाकडात बसवून वेगळी ठेवता येते, पण एरियलचं काय? एरियलच्या केबलची बाहेरची जाळी रेडिओच्या पेटीला जोडलेली असते आणि एरियलचं बूड मडगार्डला कसलेलं. म्हणजे प्लग आत सरकवला की पुन्हा शॉर्ट, तोही पातळ जाळीतून, जी फ्यूजच्या आधी तापते. यूएसबीच्या खोबणीची कडाही त्याच मायनसवर असते. चार्जरच्या वायरचं दुसरं टोक पत्र्यावर लोळलं तरी तीच गत.

म्हणून मी आयसोलेटेड कन्व्हर्टर घेतला. त्यात आतली आणि बाहेरची बाजू ट्रान्सफॉर्मरने पूर्ण वेगळी असते, त्यामुळे बाहेरचा मायनस खुशाल बॉडीला जोडता येतो. गाडी प्लस अर्थ, रेडिओ मायनस अर्थ, दोघे एकाच पत्र्यावर आणि भांडण नाही. घेण्यापूर्वी मीटरने तपासावं: कन्व्हर्टर कशालाही न जोडता दोन्ही बाजूंच्या मायनसमध्ये बीप वाजली, तर तो आयसोलेटेड नाही, डबीवर काहीही छापलेलं असो. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे किती कमी व्होल्टेजला तो बंद पडतो. माझा पाचच्या खाली मान टाकतो. सेल्फ मारताना बॅटरी त्याच्याही खाली जाते, म्हणून रेडिओसाठी वेगळा स्विच दिला आहे आणि तो इंजिन सुरू झाल्यावरच लावायचा, ही सवय लागली.

आता करंटचा हिशेब. बेताच्या आवाजात रेडिओ बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे २४ वॉट. कन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीकडून साडेचार-पाच अँपिअर जातात. आवाज चढवला की हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. दिवसा हे जाणवतही नाही. रात्री दोन हेडलाइटच पंधरा अँपिअर खातात, त्यावर इग्निशन, मागचे दिवे, हीटरचा पंखा. साधारण ३५ अँपिअरचा डायनॅमो रस्त्यावर एवढं ओढतो. पण आयडलिंगला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. सिग्नलला थांबलो की चार्जिंगचा काटा मायनसकडे पडतो आणि दिवे किंचित पिवळे होतात. लांबलचक रांगेत अडकलो तर मी रेडिओ बंद करतो. हे ज्याला जाचक वाटेल त्याने हा मार्ग धरू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

वायर थेट बॅटरीपासून वेगळी ओढली, जुन्या वायरिंगला हात लावला नाही. सत्तर वर्षांच्या कापडी वायरवर नवा भार टाकणं म्हणजे आग मागणं. वायर जाड हवी, कारण अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर बारा व्होल्टच्या गाडीत ते चार टक्के, इथे आठ. फ्यूज बॅटरीजवळ आणि मायनसच्या वायरवर, कारण गरम बाजू ती आहे. सवयीने प्लसच्या वायरवर फ्यूज टाकणारे अनुभवी वायरमन मी पाहिले आहेत. तसा फ्यूज उडाला तरी मायनस जिवंतच राहतो.

डॅशबोर्ड कापला नाही. रेडिओ हातमोज्यांच्या कप्प्यात, झाकण लावलं की दिसत नाही. आत गरम होतं, म्हणून मागच्या पुठ्ठ्याला भोकं पाडली. कन्व्हर्टर स्वतःही तापतो, तो पत्र्याला कसून बसवला की पत्राच त्याची उष्णता ओढून घेतो. स्पीकर एकच, दोन व्हॉइस कॉइलवाला, म्हणजे डावा-उजवा दोन्ही चॅनल एकाच कोनवर. दोन्ही चॅनलच्या वायरा एकत्र पिळून साध्या स्पीकरला लावू नयेत. त्याने रेडिओच्या आतला अँप्लिफायर जातो. स्पीकरची कुठलीही वायर बॉडीलाही लावायची नाही. जुन्या रेडिओत ते चालायचं, आताच्या रेडिओत नाही.

आणि मग खरखर. पहिल्या दिवशी एफएम बरं होतं, एएमवर मात्र स्टेशनपेक्षा इंजिनच जास्त ऐकू येत होतं. इथे सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती: इंजिन चालू ठेवून एरियलचा प्लग काढा. आवाज गेला तर गडबड एरियलमधून येते, राहिला तर सप्लायच्या वायरमधून. माझ्याकडे दोन्ही होतं. रेसबरोबर चढणारी शिट्टी डायनॅमोच्या ब्रशची. डायनॅमोच्या आर्मेचरच्या, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या टर्मिनलवर ०.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला आणि ती बसली. शेजारच्या फील्डच्या टर्मिनलवर (ज्यातून रेग्युलेटर डायनॅमोला आवरतो) कंडेन्सर चुकूनही लावू नये, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. टकटक इग्निशनची. रेझिस्टर प्लग, कार्बन गाभ्याच्या प्लग वायरी, आणि कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर आणखी एक कंडेन्सर, यांनी ती बरीचशी गेली. उरलेली बॉनेटने गेली: बॉनेट बिजागऱ्यांच्या गंजातून आणि रबरी ठोकळ्यांवर तरंगत असतं, त्याला बॉडीपर्यंत विणलेली अर्थ पट्टी दिली. एरियलच्या बुडाखालचा रंगही खरवडून पत्रा उघडा केला.

रेग्युलेटरची अधूनमधूनची खर्र मात्र आजही आहे, चार्जिंग तुटताना-जोडताना. शिवाय कन्व्हर्टर स्वतः एएमच्या वरच्या टोकाला बारीक गुंजन टाकतो. डबी एरियलच्या केबलपासून दूर नेली आणि वायरीवर फेराइटचं (खरखर शोषणारं) कडं घातलं, तेव्हा कमी झालं, संपलं नाही. एएमसाठीच रेडिओ घेणाऱ्याने त्या काळचा व्हायब्रेटरवाला व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करून बसवावा. तो सहा व्होल्टचाच असतो. त्यातला व्हायब्रेटर बॅटरीचा डीसी तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देतो आणि व्हॉल्व्हसाठी दोनशेच्या वर व्होल्ट तयार होतात. तापायला वेळ घेतो, स्वतः गुणगुणतो, करंटही भरपूर पितो, पण त्याचा एएमचा आवाज माझ्या रेडिओहून कितीतरी गोड. मला फोनवरची गाणी हवी होती, म्हणून हा.

एक उणीव उरतेच. रेडिओची मेमरीची वायर कायम जिवंत ठेवायची तर कन्व्हर्टरही कायम चालू हवा. माझा रिकामा बसूनही सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे महिन्याला चाळीसहून जास्त अँपिअर-तास, बॅटरी मोजकी शंभर अँपिअर-तासांची. तेव्हा मी सगळंच तोडतो. घड्याळ दर वेळी शून्यावर, स्टेशनं पुन्हा शोधायची. विकत घेताना वीज गेल्यावरही स्टेशनं लक्षात ठेवणारा रेडिओ मागा, मी ते विचारलं नव्हतं.

तुमचा ट्रक १९५४पर्यंतचा शेवरोले असेल तर यातला अर्धा त्रास तुम्हाला नाही. तो सहा व्होल्टचाच, पण मायनस अर्थ. साधा, आयसोलेटेड नसलेला कन्व्हर्टर तिथे चालतो, पेटी आणि एरियल पत्र्याला लागले तरी काही होत नाही. जाड वायर, कंडेन्सर आणि सिग्नलला खाली पडणारा काटा मात्र तिथेही आहेतच.