मामक की कोपितियाम?

क्वालालंपूरला निघालेली भाची परवा सोलापुरात घरी आली आणि म्हणाली, "मामा, तिथं निवांत जेवायला कुठं बसू?" मी म्हटलं, संध्याकाळी मामक, सकाळी कोपितियाम.

मामक म्हणजे मूळच्या तमिळ मुसलमानांची साधी खानावळ. बरीचशी रात्री उशिरापर्यंत, काही तर चोवीस तास उघडी. तव्यावरची रोटी चनाई पदर सुटलेली, आपल्या ओळखीच्या परोट्याची सख्खी बहीण. सोबत डाळ किंवा रस्सा. तेह तारिक हा चहा दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळ करतात. त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं, त्यामुळे तो चांगलाच गोड. लोक तिथं तासन्‌तास गप्पा मारत बसतात, आणि मला तेच फार आवडतं.

कोपितियाम चिनी वळणाचं. 'कोपी' हा कॉफीसाठी मलय शब्द, 'तियाम' म्हणजे होक्कियन बोलीत दुकान. भाजलेल्या पावावर लोणी आणि काया (नारळाचं दूध, अंडी नि साखर आटवलेला गोड लेप), शेजारी अर्धवट उकडलेली अंडी. अनेक ठिकाणी डुकराचं मांसही शिजतं.

नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, दोन्हीकडे मिळू शकतो. त्यातले शेंगदाणे बघून सोलापूरकराला शेंगाचटणी आठवणारच! पण सोबतच्या सांबलमध्ये (मिरचीची तिखट चटणी) बहुधा बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, आणि वर तळलेली सुकी मासळी.

भाची शाकाहारी. तिच्यासाठी मामकच बरं. फक्त डाळीवर मटणाचा रस्सा ओतू नका, हे ऑर्डर देतानाच सांगायचं.