तेझेचे प्रायर बदलले, मग आता जावं की नाही? (जाऊन आले, सांगते)

आमच्या वसईत रिट्रीट (काही दिवसांचं प्रार्थना-प्रवचनांचं शिबिर) ठरली की पहिला प्रश्न एकच, "कोण फादर देतायत?" नाव मोठं असेल तर बस फुल, नसेल तर "बघू, घरी पाहुणे यायचेत" वगैरे. आणि एखाद्या सेंटरच्या डायरेक्टर फादरांची बदली झाली की हळूहळू गर्दी ओसरते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे फ्रान्सच्या तेझे इथल्या ख्रिस्ती मठाचे प्रायर, म्हणजे प्रमुख, बदलले हे कळल्यावर मावशीने फोनवर लगेच विचारलं, "मग आता तिथे जाऊन काय गं उपयोग?" मी जर्मनीत राहते, ब्रदर अलोइस प्रमुख होते तेव्हा एकदा जाऊन आले होते, आता ब्रदर मॅथ्यू आल्यावर परत गेले, म्हणून हा रिव्ह्यू मावशीसाठी आणि तिच्यासारखा प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेझे हे बरगंडीतलं एक चिमुकलं खेडं, क्लुनीच्या जवळ. ब्रदर रॉजर हे स्वित्झर्लंडचे, प्रोटेस्टंट घरातले, 1940 मध्ये युद्ध चालू असताना तिथे घर घेऊन राहिले, बहिणीच्या मदतीने ज्यू निर्वासितांना लपवलं, गेस्टापोच्या (हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या) भीतीने मध्ये निघून जावं लागलं, 1944 ला परत आले. 1949 च्या ईस्टरला पहिल्या सात जणांनी आयुष्यभर ब्रदर (मठवासी) राहण्याचं व्रत घेतलं. आज तिथे कॅथलिक, प्रोटेस्टंट, अँग्लिकन असे वेगवेगळ्या पंथांचे आणि देशांतले ब्रदर एकत्र राहतात, आणि उन्हाळ्यात आठवड्याला हजारोंनी तरुण पोरं येतात.

आता गादीची गोष्ट. ब्रदर रॉजरनी 1998 मध्येच, म्हणजे स्वतः हयात असताना, अलोइस यांचं नाव ठरवून ठेवलं होतं, जर्मन, कॅथलिक, 1954 चा जन्म. आणि ते ठरवून ठेवलं म्हणून बरं झालं, कारण 16 ऑगस्ट 2005 ला संध्याकाळच्या प्रार्थनेत, अडीचेक हजार लोकांच्या समोर, एका मानसिक आजारी बाईने चाकूने रॉजर यांचा खून केला, वय नव्वद होतं त्यांचं. विचार करा, असं काही झाल्यावर वारस कोण यावर भांडण सुरू झालं असतं तर काय उरलं असतं? तसं काही झालं नाही. अंत्यविधीत अलोइसनी त्या बाईसाठीच क्षमेची प्रार्थना केली.

दुसरा बदल मात्र अगदी वेगळा, कोणी मेलं नाही, कोणी काढलं नाही. अलोइसनी अठरा वर्षं सांभाळून 2023 च्या जुलैमध्ये सांगितलं की आता दुसऱ्याने बघावं, ब्रदरांशी सल्लामसलत करून मॅथ्यू यांचं नाव ठरलं, आणि 3 डिसेंबरला, आगमन काळाच्या (नाताळच्या तयारीचे आठवडे) पहिल्या रविवारी जबाबदारी त्यांच्याकडे गेली. मॅथ्यू इंग्लंडचे, अँग्लिकन, 1986 पासून तिथेच. म्हणजे पहिले प्रोटेस्टंट, दुसरे कॅथलिक, तिसरे अँग्लिकन. आपल्याकडे एका पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) दोन गावांचं पटत नाही हो.

बरं, मुद्द्यावर येते, फरक काय पडला? आठवडाभर राहणाऱ्या माणसाला खरं सांगायचं तर काहीच कळत नाही. आणि मला ते सगळ्यात जास्त आवडलं. गेटवर नव्या प्रायरांचा बॅनर नाही, हार घातलेला फोटो नाही, "आदरणीय अमुकतमुक यांच्या शुभहस्ते" नाही. प्रार्थना दिवसातून तीनदा, सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, दुपारी साडेबाराच्या आधी आणि रात्री साडेआठला, घंटा वाजली की सगळे हातातलं काम टाकून चर्चकडे. पांढऱ्या झग्यातले ब्रदर एकेक करून येतात आणि मधल्या पट्ट्यात खाली बसतात, त्यात प्रायर कोण हे शेजारच्या पोलिश मुलीला मला विचारावं लागलं आणि तिलाही नक्की माहीत नव्हतं. प्रवचन नसतं!! छोटी गाणी, एकच ओळ पुन्हा पुन्हा, कधी लॅटिन कधी स्पॅनिश कधी जर्मन, बायबलमधला लहानसा उतारा आणि मग आठ-दहा मिनिटं पूर्ण गप्प. पहिल्या दिवशी त्या गप्प बसण्यात मला फक्त गुडघे आणि घरच्या ईएमआयचा हिशोब आठवत होता, तिसऱ्या दिवसापासून जमायला लागलं. आता सांगा, जिथे माईकवर कोणी बोलतच नाही तिथे वक्ता बदलून काय फरक पडणार.

चर्चपण तसंच आहे, दिखाऊ अजिबात नाही. 1962 ला उघडलं, युद्धाचं प्रायश्चित्त म्हणून जर्मन तरुणांनी येऊन बांधलेलं काँक्रीटचं. 1971 च्या ईस्टरला माणसं मावेनात म्हणून पुढची भिंत पाडून सर्कशीचा तंबू जोडला होता, असा तिथला इतिहास. आत पुढे नारिंगी कापडं ताणलेली आणि विटांमध्ये मेणबत्त्या. ब्रदर रॉजर यांची कबर पाहायला गावातल्या जुन्या दगडी चर्चजवळ गेले, तर बाकीच्यांसारखाच साधा लाकडी क्रूस, नाव आणि थोडी फुलं. संस्थापकाची समाधी म्हणून संगमरवर वगैरे शोधत असाल तर समोर उभं राहूनही सापडणार नाही.

पण बदल कुठेच नसतो असं नाही, फक्त तो पाहुण्यांच्या वाट्याला येत नाही. प्रायर दरवर्षी एक पत्र लिहितात, त्यावर वर्षभर छोट्या ग्रुपमध्ये चर्चा चालते, त्यात लिहिणाऱ्याचा हात कळतो. आणि अवघड वेळी काय करायचं ते प्रायरलाच ठरवावं लागतं. 2019 च्या जूनमध्ये अलोइसनी स्वतः जाहीर केलं की 1950 ते 1980 च्या दशकांत तीन ब्रदरांनी अल्पवयीनांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या पाच घटना समोर आल्यात, आणि सरकारी वकिलांना कळवलं. मुलं पाठवणाऱ्या आईबापांनी हे वाचूनच पाठवावं, लपवलेलं नाही, त्यांच्याच साइटवर आहे. माझ्या मते गादी कोणाकडे गेली यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा, नवीन प्रमुखही तितकंच उघड बोलतात का यावर लक्ष ठेवायला हवं.

राहण्या-जेवणाचं सांगते कारण मावशीला तेच ऐकायचंय. तंबू किंवा बराकीत बंक, अंथरूण आपलं आपण न्यायचं. जेवण म्हणजे ट्रे, एक बाउल, एक चमचा, काटा-सुरी नाही. सकाळी पाव, लोणी आणि चॉकलेटची कांडी (पाव फोडून त्यात घालायची, पोरं लगेच शिकवतात), चहा बाउलमधूनच. बशीतून चहा पिऊन मोठे झालेल्यांना काही अडचण नाही. लोणच्याची बाटली मात्र घेऊन जा, हे हात जोडून सांगते. काम सगळ्यांनाच, भांडी, संडास, पाव वाटणं, जे वाट्याला येईल ते. आमच्या ग्रुपमध्ये एक बँकेतले साहेब हातमोजे घालून इतक्या मनापासून भांडी घासत होते की त्यांचा फोटो काढून बायकोला पाठवावासा वाटला.

पैसे तुमच्या देशाप्रमाणे आणि वयाप्रमाणे, हॉटेलच्या मानाने काहीच नाहीत. ब्रदर स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत, घरची वारसाहक्काची इस्टेटही नाही, मातीची भांडी वगैरे बनवून विकतात त्यावर त्यांचं चालतं. मी दोन कप घेतले, जड आहेत, बॅगेत जागा ठेवा. दानपेटीवर नवीन महाराजांचं नाव का नाही ते इथे उलगडतं, पैसाच माणसाच्या नावावर येत नाही.

आपल्या बाजूचा संबंधही जुना आहे. ब्रदर रॉजर 1976 ला कोलकात्यात राहिले होते, मदर तेरेसांना भेटले होते, पुढे मद्रासला मोठे मेळावे झाले, बांगलादेशात मैमनसिंगला त्यांचे ब्रदर आहेत. त्यामुळे "इंडिया" म्हटल्यावर कोणी योगा आणि करीवर अडकत नाही.

कोणी जाऊ नये? ज्यांना रडवणारं प्रवचन, हात ठेवून प्रार्थना, साक्ष असं हवंय त्यांनी पैसे वाचवावेत. पाठदुखीवाल्यांनी बाकाची जागा आधी पकडावी, कडेला असतात. पस्तिशीच्या पुढच्यांना जागा मर्यादित, सगळ्या आठवड्यांत घेत नाहीत, लहान मुलं असतील तर कुटुंबांची वेगळी सोय आहे, आधी लिहून विचारा. पॅरिसहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) माकों-लोशे स्टेशन, पुढे बस, आणि रविवारी बसचं टाइमटेबल दोनदा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये जत्रा असते, शांतता हवी असेल तर ऑक्टोबरनंतर जा, स्वेटर घेऊन.

पाचपैकी साडेचार. मावशी, तिकीट काढू का?